रुग्णालय प्रशासकांना खुलं पत्र: तो निर्णय एकट्याच्या अंगावर टाकू नका

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक, संचालक, मेट्रन आणि ड्युटी चार्टवर सही करणारे सर्व अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

मी अतिदक्षता विभागातली स्टाफ नर्स आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. या दोन तारखांच्या मधला माझा बराचसा काळ पीपीई किटमध्ये गेला. हे पत्र म्हणजे तक्रारअर्ज नाही. कुणावर कारवाई व्हावी अशीही माझी इच्छा नाही. काही गोष्टी मागायच्या आहेत, आणि त्या का मागते हे कळावं म्हणून आधी एका रात्रीबद्दल सांगावं लागेल.

रात्रीचे अडीच वाजले होते. अकरा नंबरच्या बेडवरच्या आजोबांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन पडत होतं. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, चालू होता, पालथं झोपवून पाहिलं होतं, आता व्हेंटिलेटर लागणार हे दिसत होतं. मोकळा व्हेंटिलेटर एकच होता आणि चार नंबरच्या बाईंनाही तो लागणार होता. ड्युटीवर एकच निवासी डॉक्टर, वय सत्तावीससुद्धा नसेल. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "तू समोर आहेस, तूच बघून ठरव." ते दोन्ही बेडच्या मध्ये थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग चार नंबरकडे वळले.

अकरा नंबरच्या घरी मी व्हिडिओ कॉल लावला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, हातात दुहेरी ग्लोव्हज, स्क्रीनला बोट कळेना. तिसऱ्या खेपेला फोन लागला. आजोबांची मुलगी बोलायला लागली. माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातानं मी मास्क चेहऱ्यावर दाबून धरला होता, कारण कडेनं हवा गळत होती. मुलगी म्हणाली, "सिस्टर, बाबांचा हात धराल का? त्यांना एकटं वाटायला नको." मी म्हणाले, "धरलाय, ताई."

धरला नव्हता. तिसरा हात नव्हता मला.

चारच्या सुमारास आजोबा गेले. पाऊण तासात त्या बेडवर नवीन पेशंट आला. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी सांगितलं, "अकरा नंबर एक्स्पायर, बॉडी शिफ्ट केली, बेडवर नवीन ॲडमिशन." पुढची सिस्टर हो म्हणाली आणि आम्ही बारा नंबरकडे गेलो. त्या "धरलाय"बद्दल मी चौदा महिने कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीही नाही.

आमच्या मनाच्या तब्येतीबद्दल बोलायची वेळ आली की भीती आणि थकवा या दोन गोष्टी हमखास निघतात. दोन्ही खऱ्या आहेत. घरी संसर्ग नेऊ या धास्तीनं मी कित्येक आठवडे मुलीला जवळ घेतलं नाही. किटमध्ये सहा-सहा, आठ-आठ तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही, पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले, तेव्हा आमची भीती उगाच नव्हती. पण लस आली, भीती ओसरली. सुट्टी मिळाली, झोप झाली, थकवा उतरला. अकरा नंबरची ती रात्र मात्र उतरली नाही. आजही फोनची स्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही तेव्हा पोटात गोळा येतो.

याला अभ्यासकांनी नावं दिली आहेत. काय करणं योग्य आहे हे माणसाला माहीत असतं, पण ज्या संस्थेत तो काम करतो तिथली परिस्थिती ते करू देत नाही, त्यातून जो त्रास होतो त्याला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं, आणि तेही नर्सिंगबद्दल लिहिताना. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 'मॉरल इंज्युरी' हा शब्द वापरला. त्यांच्या म्हणण्यात अधिकारावर असलेल्या माणसाकडून झालेला विश्वासभंग हा मुख्य भाग होता. मराठीत याला जुना आणि अगदी नेमका शब्द आहे, सल. काटा निघून गेला तरी आत जे दुखत राहतं ते. नैराश्य, चिंता, झोप न लागणं यांवर औषधं आणि उपचार आहेत, आणि ज्यांना त्यांची गरज आहे त्यांना ते मिळायलाच हवेत. पण सल हा आजार म्हणून येत नाही. तो कामातून येतो, आणि बहुतेक वेळा काम ज्या तऱ्हेनं लावलं गेलं त्यातून येतो.

म्हणूनच हे पत्र मानसोपचारतज्ज्ञांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

त्या काळात आम्हाला काय मिळालं, तेही सांगते. वॉर्डाच्या दारावर एका हेल्पलाइनचा नंबर चिकटवला गेला. ताणमुक्तीवर एक ऑनलाइन सत्र झालं. ते सकाळी अकराला होतं आणि मी नाइट करून आले होते. बोलणाऱ्या बाई मनापासून बोलत होत्या. श्वास कसा घ्यायचा ते त्यांनी शिकवलं, आणि मी फोन उशीशी ठेवून ऐकता ऐकता झोपून गेले. त्यांना दोष नाही. पण अख्ख्या रुग्णालयानं आमच्या मनासाठी काय केलं याचा हिशेब तेवढ्यावर संपत असेल, तर आमच्या दुखण्याचं कारण आमच्यातच आहे असं तुम्ही समजून चालला होतात, असा त्याचा अर्थ होतो. आम्ही नीट श्वास घेतला असता तर बरं वाटलं असतं, असा. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात 'बर्नआउट' हा आजारांमध्ये धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यानं उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे उपाय शोधायला सुरुवात कुठून करायची हे त्यातच सांगितलेलं आहे.

आकड्यांची सवय तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त, म्हणून थोडे आकडे देते. इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ कर्मचाऱ्यांनी २०२० च्या जून-जुलैमध्ये, म्हणजे पहिली लाट ओसरल्यावर, एक प्रश्नावली भरून दिली. त्यात सुमारे ४० टक्क्यांच्या उत्तरांवरून आघातोत्तर तणावाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं दिसत होती. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे मला कळतं. तरी दर पाचांत दोघं! आमच्या विभागात एका पाळीला पाच नर्स असायच्या. मी ते चेहरे डोळ्यांसमोर आणते आणि त्यातले दोन निवडायचा प्रयत्न करते, तर दोनवर थांबताच येत नाही.

त्याहून जास्त मला दुसरा एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण तो साथ संपल्यानंतरचा आहे. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली. ती काही महिन्यांत आटोक्यात आली. साथ संपून १३ ते २६ महिने झाल्यावर संशोधकांनी टोरांटोतल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची तुलना जवळच्याच हॅमिल्टन शहरातल्या कर्मचाऱ्यांशी केली, जिथे सार्सचे रुग्ण दाखलच झाले नव्हते. बर्नआउटचं प्रमाण टोरांटोत ३० टक्के निघालं, हॅमिल्टनमध्ये १९ टक्के. रुग्णांशी थेट संबंध येईल असं काम किंवा कामाचे तास कमी केलेले लोकही टोरांटोत जास्त होते. काही महिन्यांची साथ, आणि एक-दोन वर्षांनीही ही स्थिती. आमची साथ तीन वर्षं चालली. आणि याच अभ्यासात दिसलं की ज्यांना आपल्याला पुरेसं प्रशिक्षण आणि पुरेसा आधार मिळाला असं वाटत होतं, त्यांना हा त्रास कमी झाला. मला यातून आशा वाटते. प्रशिक्षण आणि आधार या दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत.

आता मागणं.

दोन माणसांना एकच व्हेंटिलेटर असेल तेव्हा तो कुणाला लावायचा, हा निर्णय बेडशी उभ्या असलेल्या एकट्या डॉक्टरवर आणि त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या एकट्या नर्सवर पुन्हा कधीही टाकू नका.

इटलीत काय झालं ते पाहा. तिथल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनं ६ मार्च २०२० रोजी, महासाथ जाहीर होण्याच्याही पाच दिवस आधी, खाटा कमी पडल्या तर अतिदक्षता विभागात कुणाला घ्यायचं याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यातल्या वयाच्या मुद्द्यावरून मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ते कागद काढण्यामागचा एक हेतू त्यांनी उघड लिहून ठेवला होता: मनावर मोठं ओझं टाकणाऱ्या या निर्णयांच्या जबाबदारीतला काही भाग डॉक्टरांच्या खांद्यावरून उतरवणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्रीचे आमचे डॉक्टर आठवले. त्यांच्याकडे असा एखादा कागद असता, त्यावर तुमची सही असती, तर निर्णय कदाचित तोच झाला असता. चार नंबरच्या बाई वयानं लहान होत्या, त्यांची वाचण्याची शक्यता जास्त होती, आणि त्या वाचल्याही. पण तो निर्णय रुग्णालयाचा झाला असता. घरी जाताना तो त्यांच्या एकट्याच्या डोक्यात गेला नसता.

तर असा कागद आत्ता करा. साथ नसताना, शांत डोक्यानं, डॉक्टर, नर्स आणि बाहेरची एक-दोन विचारी माणसं सोबत बसवून. त्यात हेही लिहा की प्रत्यक्ष वेळ आली की निर्णय तिघांची समिती घेईल आणि त्या रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर त्या तिघांत नसेल. ही समिती रात्री अडीचलाही फोन उचलेल. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अवघड निर्णय दिवसाउजेडी, सगळे हजर असताना फारसे येत नाहीत. येतात ते रात्री, रविवारी, सणाच्या दिवशी, सगळ्यात नवा माणूस ड्युटीवर असताना. आणि निर्णय झाल्यावर तो नातेवाइकांना सांगायलाही त्या समितीतलं कुणीतरी पुढे यावं. आमच्या डॉक्टरांनी तो निर्णयही घेतला आणि फोनवर सांगितलाही त्यांनीच. तो फोन चालू असताना मी चार नंबरकडे पाठ करून उभी होते आणि त्यांचा आवाज कापताना ऐकत होते.

याच्याइतकाच ड्युटी चार्ट महत्त्वाचा आहे, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमचं आयुष्य त्या एका कागदावर चालतं. साथीत बालरुग्ण विभागातल्या एका सिस्टरना आमच्याकडे पाठवलं. वीस वर्षांची नोकरी, लहान मुलांना सलाइन लावण्यात त्यांच्यासारखा हात नव्हता कुणाचा. अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगवर त्यांना तीन व्हेंटिलेटर दिले. अलार्म वाजला की त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग मशीनकडे. एकदा ट्यूबला जोडलेली नळी निसटली, ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. पेशंट वाचला. पण त्या दिवसापासून त्या ड्युटी संपल्यावर घरी न जाता अर्धा तास चेंजिंग रूममध्ये बसून राहायच्या आणि परत परत विचारायच्या, "मी काही विसरले नाही ना?" ज्याला जे येत नाही ते करायला लावून त्याच्या हातात जीव दिला, तर तो माणूस तुटणारच. बदली करणं अटळ असेल तर करा, पण त्याच्या शेजारी सरावाचा माणूस द्या. चार्टवर नावं टाकतानाच जोड्या लावा, एक जुनी आणि एक नवी. आणि शक्यतो त्या जोड्या मोडू नका.

जोडीचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकी सैन्यात 'बॅटल बडी' म्हणून एक पद्धत आहे, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ती रुग्णालयासाठी वापरात आणली. त्यात मोठं शास्त्र सांगण्यासारखं काही नाही. रोज दोन-तीन मिनिटं एकमेकांना विचारायचं: आज काय अवघड गेलं, काय बरं गेलं. मला हे पटतं, कारण माझं चौदा महिन्यांचं मौन अशाच एका बोलण्यानं सुटलं. नाइटला पहाटे पॅन्ट्रीत आम्ही तिघी बसलो होतो. एक सिस्टर सहज म्हणाली, "मी त्या काळात नातेवाइकांना खूप खोटं बोलले गं." मग मी "धरलाय" सांगितलं. तिसरी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "मी प्रत्येकाला सांगायचे, शांतपणे गेले, त्रास झाला नाही." त्या पहाटे आम्ही तिघी रडलो. दुसऱ्या दिवशी सल गेला नव्हता, पण तो माझ्या एकटीचा राहिला नव्हता.

इथे एक सावधगिरीची सूचना करते, कारण चांगल्या हेतूनं एक चूक होऊ शकते. वाईट घटना घडली की लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून, "मनातलं सगळं बोलून टाका" असं एकदाच करायला लावायचं, असले कार्यक्रम काही ठिकाणी होतात. एकाच बैठकीत सगळं बोलायला लावणाऱ्या डीब्रीफिंगनं पुढचा आघातोत्तर तणाव टळत नाही, असं वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दिसून आलं आहे, आणि काहींना त्याचा त्रासच होऊ शकतो. आमच्या तिघींचं बोलणं आपणहून झालं, विश्वासाच्या माणसांत झालं आणि वेळ आल्यावर झालं. ते हुकुमानं घडवता येत नाही. तुम्ही फक्त त्याला जागा आणि वेळ देऊ शकता. पॅन्ट्रीची ती खोली पुढे स्टोअररूम केली गेली. अशा खोल्या काढून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, जेवला का, झोपला का ते पाहा. तो बोलला तर ऐका, न बोलला तर खणू नका. आणि ज्याला जास्त मदत लागणार आहे त्याला ती मिळेपर्यंत सोबत राहा. यातलं पहिलं काम तर कुणीही इन्चार्ज करू शकते.

आणि जे मदत मागतील त्यांचं नाव गुप्त राहील याची लेखी हमी द्या. आमच्यात एक भीती खोलवर बसली आहे: मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचं कळलं तर पुढे प्रमोशनला, क्रिटिकल एरियातल्या पोस्टिंगला ते आडवं येईल. ही भीती सगळीकडे आहे. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली. उपचार घेतल्याचं कळलं तर आपला परवाना जाईल, करिअर संपेल असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितलं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावानं, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. रोज दुसऱ्यांवर उपचार करणारी व्यक्ती स्वतःच्या उपचारांना घाबरत होती. तुमच्या अर्जांमध्ये, वार्षिक तपासणीच्या फॉर्ममध्ये, 'पूर्वी कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का' असा प्रश्न असेल तर तो काढा. आज काम करायला अडचण येते का, एवढंच विचारणं पुरे.

आमच्या वॉर्डबॉयबद्दल सांगितल्याशिवाय मला हे पत्र पुढे नेता येत नाही. बॉडी पॅक करायचं काम त्यांच्याकडे असायचं. पहिल्या लाटेत दुसरं कुणी हात लावायला धजत नव्हतं, म्हणून तिन्ही पाळ्यांत त्यांनाच बोलवायचे. ते प्रत्येक बॅगेची चेन लावण्याआधी थांबून माणसाचे केस हातानं नीट करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पुढे ते कोपरापर्यंत हात धुवायला लागले, इतके की कातडी फाटली. मी मलम दिलं. "कुणाला तरी दाखवा" म्हणाले, तर ते म्हणाले, "सिस्टर, मी कंत्राटी. दारावरचा तो हेल्पलाइनचा नंबर स्टाफसाठी आहे." मी चौकशी केली, ते खरं होतं. मावशी, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचे चालक, लॅबमध्ये स्वॅब हाताळणारे, शवागारातले, ऑक्सिजनचे सिलिंडर बदलणारे, घरोघर जाऊन रुग्ण शोधणाऱ्या कार्यकर्त्या या सगळ्यांनी तेच पाहिलं जे आम्ही पाहिलं, आणि बरेचदा जास्त जवळून. पगाराचं पत्रक कोण काढतो यावरून मनाची मदत कुणाला मिळणार ते ठरू नये.

आम्हाला योद्धे म्हटलं गेलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचं प्रेम खरं होतं. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून रडले होते. पण त्या शब्दानं एक झालं. योद्ध्याला "मला हे जमत नाही" म्हणता येत नाही. माझ्याबरोबरची एक मुलगी ड्युटीला येताना गेटवर उलटी करायची आणि आत येऊन हसून कामाला लागायची. तिला विचारलं तर म्हणायची, "आपणच असं केलं तर कसं चालेल?" तुमच्या भाषणांत, फलकांवर, पुढच्या वेळी हा शब्द टाळा. कर्मचारी म्हणा. कर्मचाऱ्याला जेवायची सुट्टी असते, साप्ताहिक ऑफ असतो, आजारी पडायचा हक्क असतो.

तुमच्याबद्दलही थोडं बोलायला हवं. तुमच्यावरही ओझं होतं, ते मी पाहिलं आहे. ऑक्सिजनचा टँकर रस्त्यात आहे की नाही हे विचारताना एका अधिकाऱ्यांचा आवाज फुटलेला मी कॉरिडॉरमधून ऐकला आहे. तुम्हालाही कुणी "तूच बघून ठरव" म्हटलं असेल. म्हणूनच हे तुम्हाला समजेल असं मला वाटतं. आमच्या एका इन्चार्ज सिस्टर आठवड्यातून एकदा स्वतः किट घालून आत यायच्या आणि तासभर एखाद्या बेडशी थांबायच्या. त्यांचं वय पन्नासच्या पुढे, मधुमेह होता, कुणी त्यांना भाग पाडलं नव्हतं. त्या आत आल्या की काम कमी व्हायचं नाही, पण आम्ही काय बघतो आहोत हे वरच्या कुणीतरी बघितलं आहे, एवढ्यानं रात्र सोपी जायची. मीटिंगमध्ये त्या आमच्या बाजूनं बोलायच्या तेव्हा आकड्यांबरोबर बेड नंबर सांगायच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वरिष्ठांना यासाठी प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ती वेगळी, स्पष्टपणे केलेली आहे. आमच्या सिस्टरना ते प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं. पण प्रत्येक विभागाला अशी माणसं आपोआप मिळत नाहीत, तेव्हा ते शिकवावं लागेल.

शेवटचं एक मागणं आहे आणि त्याला बजेट लागत नाही.

त्या रात्रीच्या डॉक्टरांनी पुढे अतिदक्षतेची शाखा सोडली. ज्या कामात रात्री कुणी फोन करत नाही असं काम त्यांनी घेतलं, असं कळलं. बालरुग्ण विभागातल्या सिस्टरनी निवृत्तीला आठ वर्षं असताना राजीनामा दिला. वॉर्डबॉयचं कंत्राट संपलं आणि ते गेले. त्यांच्यापैकी कुणालाही जाताना "का जाताय" असं कुणी विचारलं नाही. क्लिअरन्सच्या फॉर्मवर ओळखपत्र, एप्रन, लॉकरची चावी एवढं जमा करून घेतलं.

साथीच्या दिवसांत तुमच्या कार्यालयात एक यादी होती. कुणी आजारी पडलं, माणूस कमी पडला, की तिच्यावरून फोन यायचे. रात्री अकराला, पहाटे पाचला, "उद्या डबल करशील का?" आम्ही बहुतेक वेळा हो म्हणायचो. ती यादी अजून असेल. तिच्यावरचे जे लोक सोडून गेले त्यांना एकदा फोन करा. काही काम नाही, परत या असंही म्हणायचं नाही. तुम्ही कसे आहात, आणि त्या वेळी आमचं काय चुकलं, एवढंच विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. वरचा कागद तयार करायला बसाल तेव्हा ते टिपण समोर ठेवा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा त्यांना सांगा की चार नंबरच्या बाई अजून फॉलोअपला येतात. त्यांना हे कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही.

आपली नम्र,
अतिदक्षता विभागातली एक स्टाफ नर्स